बंदीच्या दोन महिन्यांत सुक्या मासळीतली कीड



आपल्याकडे सतवास, नेमावर पट्ट्यात १६ जून ते १५ ऑगस्ट जाळं बंद. कोकणातली बंदी १ जून ते ३१ जुलै. म्हणजे दोन महिने घर चालायचं ते साठवलेल्या सुक्या मासळीवर, आणि नेमकी तेव्हाच तिला कीड लागते. गेल्या पावसाळ्यात आम्ही एक गोणी उघडली, तर वरून मासळी शाबूत, आत नुसता भुगा आणि केसाळ सालटी.

ही सालटी म्हणजे अळीने टाकलेली कात. तपकिरी, केसाळ अळी उजेड दिसला की आत पळते. मोठा किडा काळपट, पोटाखाली पांढुरका, जेमतेम सेंटिमीटरभर. याचे केस घशात गेले की खोकला, अंगाला लागले तर खाज. निळसर चकाकणारा, तांबड्या पायांचा बारका किडा दिसला तर तोही त्याच पंगतीतला.

आता खरी गोष्ट. अळी पूर्ण वाढली की मासळी सोडते आणि कोष करायला लाकडात, फळीत, गोणपाटात शिरते. म्हणून नुसती मासळी निवडून भागत नाही. जुनी गोणी पुन्हा वापरली की कीड फुकटात परत येते! फळ्यांच्या फटी झाडून काढा, कचरा जाळा, गोणपाट उकळत्या पाण्यात घाला.

माश्यांचं वेगळं. निळ्या-हिरव्या माश्या ओल्या मासळीवर अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या वळवळतात. कटला, रोहू असेल तर पाठीतून चिरून, धुऊन, तीन-चार किलोला एक किलो मीठ चोळा. जमिनीवर पसरू नका, मचाणावर जाळी झाकून वाळवा. कडकडीत वाळली की घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. पावसात उघडीप मिळाली की पुन्हा ऊन दाखवा.

एक मात्र हात जोडून सांगतो. काही घरांत धान्यातल्या गोळ्या मासळीच्या खोलीत ठेवतात. ती अॅल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या ओलीने तिचा विषारी वायू होतो, त्यावर उतारा नाही. झोपायच्या खोलीला लागून ठेवली तर पोरंबाळं झोपेतच जातील. शेतातलं फवारणीचं औषध मासळीवर मारणंही तसंच, ते शेवटी आपल्याच ताटात येतं.

नाववाल्यांनो, होडी पालथी ठेवा. उताणी राहिली की पावसाचं पाणी साचतं आणि आठवड्या-दीड आठवड्यात त्यातून डेंग्यूचे डास उडतात. लाकडी होडी दगडांवर चढवा, मातीला टेकली की वाळवी लागते. मातीची नळी चढताना दिसली तर लगेच खरवडून काढा आणि खालची फळी टोचून बघा, पोकळ वाजली तर सुताराला बोलवा, ऑगस्टची वाट बघू नका.