क्रीडा-आहारज्ञानाची प्रश्नावली : विश्वसनीयता आणि सप्रमाणता

खेळाडूच्या जडणघडणीत सरावाइतकेच आहारालाही महत्त्व आहे, हे आता सर्वमान्य झाले आहे. खेळाडूंना व क्रीडाशिक्षकांना आहाराविषयी किती माहिती आहे, हे पाहण्यासाठी शिबिरांतून प्रश्नावल्या भरून घेतल्या जातात आणि त्यांतील गुणांवरून पुढील प्रशिक्षण ठरविले जाते. परंतु त्या प्रश्नावलीचीच पारख झाली आहे काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वजनी गटात बसण्यासाठी पाणी तोडणारा मल्ल किंवा घटकद्रव्यांची खात्री न करता पूरक पदार्थ घेणारा धावपटू सदोष प्रश्नावलीत उत्तम गुण मिळवू शकतो. अशा वेळी ज्यांना मार्गदर्शनाची गरज आहे, तेच त्यापासून वंचित राहतात. उत्तेजकविरोधी नियमांनुसार शरीरात आढळलेल्या निषिद्ध द्रव्याची जबाबदारी खेळाडूवरच असते, हे लक्षात घेता ही उणीव किरकोळ म्हणता येणार नाही.

दोन कसोट्या

एखादा काटा एक किलो धान्याचे वजन प्रत्येक वेळी बाराशे ग्रॅमच दाखवीत असेल, तर तो सुसंगत आहे, पण खरा नाही. मोजमापातील सुसंगती म्हणजे विश्वसनीयता, तर जे मोजावयाचे तेच मोजले जाणे म्हणजे सप्रमाणता. विश्वसनीयतेवाचून सप्रमाणता संभवत नाही. मात्र विश्वसनीयता असली म्हणजे सप्रमाणता असतेच, असे नाही.

सप्रमाणतेची तपासणी

पहिली पायरी आशयाची. आहारतज्ज्ञांनी प्रत्येक प्रश्न तपासून तो आवश्यक आहे काय, त्याचे उत्तर शास्त्रसंमत आहे काय आणि महत्त्वाचा विषय सुटला नाही ना, हे पाहावयाचे असते. उदाहरणार्थ, ‘प्रथिने जितकी अधिक तितके स्नायू बळकट’ हे विधान बरोबर मानणारी उत्तरसूची मुळातच चुकीची ठरेल. खेळाडूंसाठी प्रथिनांचे प्रमाण सामान्यतः शरीराच्या दर किलो वजनामागे दररोज १.२ ते २ ग्रॅम सांगितले जाते.

दुसरी पायरी ज्ञात गटांच्या तुलनेची. ब्रिटनमधील पार्मेंटर व वॉर्डल यांनी १९९९ साली सामान्य आहारज्ञानाची प्रश्नावली प्रसिद्ध केली. ती आहारशास्त्राच्या व संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना देऊन पाहण्यात आली होती. आहारशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे गुण स्पष्टपणे अधिक आले, तरच प्रश्नावली आहारज्ञान मोजते असे म्हणता येते. दोन्ही गट सारखेच ठरले, तर ती बहुधा केवळ सामान्य चातुर्य मोजत असते.

विश्वसनीयतेची तपासणी

एकच प्रश्नावली त्याच व्यक्तींना सुमारे दोन आठवड्यांनी पुन्हा देणे, ही फेरचाचणीची पद्धत होय. अंतर फार कमी ठेवल्यास उत्तरे स्मरणात राहतात, फार वाढविल्यास दरम्यान ज्ञानच बदलते. येथे केवळ सहसंबंध पाहून थांबू नये. समजा, दुसऱ्या वेळी प्रत्येकाचे गुण पाचाने वाढले, तरी सहसंबंध पूर्ण राहतो. म्हणून दोन्ही वेळच्या सरासरीचीही तुलना करावी लागते.

प्रश्नांची परस्पर सुसंगती पाहण्यासाठी बरोबर-चूक स्वरूपाच्या प्रश्नांना १९३७ मधील क्यूडर-रिचर्डसन सूत्र वापरतात, तर क्रॉनबॅक यांनी १९५१ मध्ये मांडलेला अल्फा गुणांक अधिक व्यापक आहे. हा गुणांक ०.७ किंवा अधिक असणे साधारणतः समाधानकारक मानतात. मात्र प्रश्नांची संख्या वाढविली की तोही वाढतो. म्हणून तो फारच मोठा आल्यास एकच गोष्ट निरनिराळ्या शब्दांत विचारली गेली नाही ना, हे पाहावे.

प्रश्नांची छाननी

ज्याचे उत्तर जवळजवळ सर्वांना येते किंवा कोणालाच येत नाही, तो प्रश्न जाणकार व अजाण यांत भेद करीत नाही. असे प्रश्न गाळावेत. चार पर्यायांच्या प्रश्नात केवळ अंदाजाने चौघांपैकी एकाचे उत्तर बरोबर येऊ शकते. यास्तव ‘माहीत नाही’ हा पर्याय ठेवणे हितावह. ऑस्ट्रेलियात २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या क्रीडा-आहारज्ञान प्रश्नावलीत ८९ प्रश्न असून वजननियंत्रण, पूरक पदार्थ, मद्य इत्यादी सहा विभाग आहेत. तिची संक्षिप्त आवृत्तीही पुढे तयार करण्यात आली, कारण लांबलचक प्रश्नावली अर्धवट सोडली जाते.

आपल्याकडील उपयोग

परदेशी प्रश्नावलीचे केवळ भाषांतर पुरेसे नाही. भाषांतर दुसऱ्या जाणकाराकडून मूळ भाषेत परत करवून अर्थ ताडून पाहावा. अपरिचित पदार्थांच्या जागी ज्वारी, बाजरी, हरभरा, शेंगदाणे, दूध, अंडी यांची उदाहरणे घ्यावीत. मात्र असा बदल होताच प्रश्नावली नवी ठरते आणि वरील सर्व तपासण्या पुन्हा कराव्या लागतात. शहरातील महाविद्यालयीन खेळाडूंवर पारखलेली प्रश्नावली ग्रामीण शाळेतील कबड्डीपटूंना लागू पडेलच, असे गृहीत धरू नये.

अखेर, ज्ञान म्हणजे आचरण नव्हे. घरची परिस्थिती, वसतिगृहातील जेवण आणि सरावाच्या वेळा यांवरही ताटातील अन्न अवलंबून असते. परंतु कोणाला काय ठाऊक नाही हे खात्रीने कळले, तरच शिक्षक, क्रीडा अधिकारी व ग्रामपंचायती यांचे प्रयत्न योग्य ठिकाणी पोहोचतील. म्हणून पुढील प्रश्नावली वाटण्यापूर्वी तिची पारख कोणावर व कशी झाली, हे आधी विचारावे.