जर्मनीत जुनी थ्री सीरिज घेताना

म्युनिक, श्टुटगार्टला नोकरीसाठी आलेल्या आपल्या मुलामुलींचा पहिल्या वर्षातला ठरलेला प्रश्न: नव्या छोट्या गाडीच्या पैशात सात-आठ वर्षांची बीएमडब्ल्यू थ्री सीरिज मिळते, मग तीच का घेऊ नये? घ्या, जरूर घ्या. ऑटोबानवर पाचशे किलोमीटर जाऊन पाठ न दुखू देणारी गाडी आहे ती. पण गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते; सुट्या भागांची, मजुरीची उतरत नाही. खरेदीच्या रकमेचा निदान दहावा हिस्सा पहिल्या वर्षीच्या दुरुस्तीसाठी बाजूला काढूनच बाजारात उतरा.

या गाड्या इतक्या संख्येने विक्रीला येतात, कारण जर्मन कंपन्या त्या अधिकाऱ्यांना लीजवर देतात आणि साधारण तीन वर्षांनी बदलतात. म्हणून दीड लाख किलोमीटरचा आकडा पाहून बिचकू नका. शेकहेफ्ट, म्हणजे सर्व्हिसची नोंदवही, पूर्ण असेल तर अशी गाडी कमी पळालेल्या पण नोंदी नसलेल्या गाडीपेक्षा भरवशाची.

कराचा हिशेब घरी बसून करता येतो. इंजिनाच्या दर १०० सीसीला पेट्रोलसाठी २ युरो, डिझेलसाठी साडेनऊ. पहिली नोंदणी २०१४ ते २०२० मधली असेल तर ९५ ग्रॅमवरच्या प्रत्येक ग्रॅम कार्बन डायऑक्साइडला आणखी २ युरो. कागदावर १२० ग्रॅम लिहिलेलं दोन लिटरचं इंजिन धरा: डिझेलला वर्षाला २४० युरो, पेट्रोलला ९०. फरक दीडशेचा. रोजचं जाणं-येणं शहरातलंच असेल तर डिझेलच्या वाटेला जाऊ नका. घ्यायचंच तर युरो ६ घ्या, कारण श्टुटगार्ट आणि म्युनिकमध्ये जुन्या डिझेल गाड्यांना काही भागांत बंदी आहे.

नवख्या माणसाला खरा फटका विम्यात बसतो. अपघाताविना किती वर्षं गाडी चालवली यावर इथे हप्ता ठरतो, आणि तुमची पाटी इथे कोरी असते. पुण्यात पंधरा वर्षं चालवलेली गाडी आपोआप मोजली जात नाही. भारतातल्या विमा कंपनीकडून इंग्रजीत 'दावा नाही' असं पत्र आणा आणि तीन-चार कंपन्यांना ते चालेल का विचारा. गाडी पसंत करण्याआधी तिच्या कागदावरचे उत्पादक आणि मॉडेलचे क्रमांक घालून हप्ता काढून बघा. त्याच पैशातल्या दोन गाड्यांच्या हप्त्यांत मोठी तफावत निघते. आणि हो, भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहाच महिने चालतं. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात.

करार मात्र शब्दन् शब्द वाचा. विक्रेत्याकडून घेतलेल्या जुन्या गाडीतल्या दोषांची जबाबदारी निदान एक वर्ष त्याच्यावर असते. खासगी मालक ती करारात नाकारू शकतो. माझ्या पहिल्या गाडीच्या वेळी विक्रेत्याने 'इम कुंडेनआउफट्राग', म्हणजे 'ग्राहकाच्या वतीने', हे दोन शब्द बारीक अक्षरात घातले होते. कागदोपत्री विकणारा तो नव्हताच. तीन महिन्यांनी टर्बो गेला, आणि माझ्या पत्राला त्याने उत्तरसुद्धा दिलं नाही. ते शब्द दिसले तर सही करू नका.

आता प्रत्यक्ष गाडी. मागच्या नंबरप्लेटवरच्या गोल स्टिकरवर मधला आकडा तपासणीच्या मुदतीचं वर्ष सांगतो, सगळ्यात वरचा महिना. ही तपासणी दर दोन वर्षांनी असते, सुमारे दीडशे युरोंची. मुदत जवळ आली असेल तर ती विक्रेत्यालाच करून द्यायला सांगा. हिवाळी टायर सोबत आहेत का ते विचारा. त्यावर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह हवं. बर्फात ते नसेल तर ६० युरो दंड आणि एक पॉइंट. खाचेत दोन युरोचं नाणं उभं धरा. बाहेरची रुपेरी कड पूर्ण बुडाली तर टायर अजून एक हिवाळा काढेल.

जुन्या दोन लिटर डिझेलमध्ये टायमिंग चेनकडे कान द्या. ती गिअरबॉक्सच्या बाजूला असल्याने बदलायची म्हटलं की मजुरीच जास्त होते. तिची खरखर थंड इंजिन सुरू करताना ऐकू येते, तापल्यावर बरेचदा दबते. त्यामुळे पोहोचल्या पोहोचल्या बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर नम्रपणे सांगा, उद्या सकाळी येतो, तोवर गाडी सुरू करू नका.