खांदेरी-उंदेरी एका दिवसात होतील का?

प्रश्न : आम्ही घरचे नऊ जण डिसेंबरातल्या एखाद्या रविवारी थळहून होडीने खांदेरी आणि उंदेरी बघायला जायचं म्हणतो आहोत. सोबत सत्तरी ओलांडलेली आई आणि दोन मुलं असतील. होडीसाठी फोन केला, तर नाखवा म्हणाले, "आधी तिथी सांगा, मग वेळ सांगतो." हा काय प्रकार आहे? आणखी एक शंका. नकाशात ही दोन्ही बेटं हाकेच्या अंतरावर दिसतात. मग एक मराठ्यांकडे आणि दुसरं सिद्दीकडे, असं इतकी वर्षं कसं चाललं? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : नाखव्यांनी तुम्हाला टोलवलेलं नाही. विचारायला हवा तोच प्रश्न त्यांनी विचारला. तुमच्या दोन्ही शंकांचं उत्तरही बरंचसं एकच आहे. थळसमोरचं पाणी किती वाजता किती असतं आणि वारा कुठून येतो, यावर तुमची सहल ठरणार आहे. १६७९ सालची लढाईही याच दोन गोष्टींवर ठरली होती.

आधी तिथीचं बघू. थळचा किनारा उथळ आहे. ओहोटीला पाणी लांब जातं आणि काठाजवळच्या होड्या चिखलात बसतात. त्या पुन्हा तरंगेपर्यंत नाखवा काय किंवा आपण काय, वाट बघण्यापलीकडे काही करू शकत नाही. मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते, आणि भरतीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. म्हणून किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा, की तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तो भरतीचा तास. अष्टमी असेल तर सहा, म्हणजे भरती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला, आणि भर दुपारी बाराला पूर्ण ओहोटी. त्रयोदशी असेल तर पावणेदहा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. पौर्णिमा-अमावास्येला मात्र गुणाकाराच्या नादी न लागता सरळ बारा धरावेत. या हिशेबात तासाभराची चूक सहज निघते, म्हणून भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात मुंबईची वेळ पाहून घ्यावी. थळची वेळ तिच्याहून फार वेगळी नसते. पण घरी बसून कॅलेंडर चाळताना कुठला रविवार चालेल आणि कुठला बाद करायचा, हे समजायला पाऊणचा पाढा पुरतो.

आता तुमचा रविवार या हिशेबात बसवून पाहा. अष्टमीला पाणी सकाळपासूनच उतरणीला लागतं. दोन्ही बेटं बघून परत येईपर्यंत काठाला पाणीच नसतं आणि गुडघाभर चिखलातून चालत यावं लागतं. आईंना घेऊन हे नको. तृतीयेला उलटं होतं. सकाळी आठ-सव्वाआठला ओहोटी असते आणि पाणी भरतं दुपारी दोनच्या पुढे. पाणी भरतं हे खरं, पण तोवर वारा उठलेला असतो. हिवाळ्यात पहाटेपासून सकाळपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे हलका वारा वाहतो आणि पाणी शांत असतं. दुपारी वायव्येकडून समुद्रावरचा वारा सुरू झाला की लाटा आखूड आणि उभ्या होतात. छोट्या होडीत बसलेल्यांना त्या चांगल्याच जाणवतात.

म्हणून मी द्वादशी ते चतुर्दशी या तिथी निवडीन. महिन्यातून दोनदा अशी संधी मिळते. त्रयोदशीला सकाळी सात-साडेसातला चढत्या पाण्यात थळहून निघायचं, आधी खांदेरी गाठायचं, भरतीच्या सुमाराला उंदेरीला यायचं आणि पाणी फार उतरायच्या आत, अकरा-साडेअकरापर्यंत, थळला परतायचं. वारा उठायच्या आत सगळं उरकतं. खांदेरी आधी आणि उंदेरी नंतर, या क्रमालाही कारण आहे. खांदेरीला धक्का आहे. उंदेरीला नाही. तिथे होडी खडकांना भिडवून उडी मारून उतरावं लागतं. पाणी भरलेलं असेल तर होडी तटाच्या जवळ जाते. पाणी उतरलं की मध्ये शेवाळलेले खडक उघडे पडतात आणि त्यांवर कालवांची धारदार कवचं असतात. चपलेचा तळवाही फाटतो, मग पायाचं काय होईल ते वेगळं सांगायला नको.

हे सगळं जमवायचं तर डोंबिवलीहून त्याच दिवशी पहाटे निघून भागणार नाही. आदल्या रात्री अलिबागला किंवा थळलाच मुक्काम करा. मुंबईकडून येणाऱ्यांना गेटवेहून मांडव्याची लाँच आहे आणि गाडी घेऊन यायची तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो आहे. मांडवा-अलिबाग रस्त्यावर अलिबागच्या थोडं अलीकडे थळचा फाटा लागतो. आणि रविवारचा हट्ट सोडता आला तर बघा. आपण आधी सुट्टी ठरवतो आणि मग समुद्राने तिच्याशी जुळवून घ्यावं अशी अपेक्षा धरतो. शनिवारी त्रयोदशी आणि रविवारी चतुर्दशी असा योग आला, तर मी शनिवार घेईन. गर्दीही कमी असते.

आता बेटांच्या भांडणाकडे वळू. नकाशा पुन्हा उघडा. उंदेरी किनाऱ्याच्या बाजूला आहे आणि खांदेरी त्याच्या बाहेर, मोकळ्या समुद्राच्या बाजूला. मुंबई बंदरात दक्षिणेकडून येणारं-जाणारं प्रत्येक जहाज खांदेरीवरून दिसतं. शिवाजी महाराजांनी हे ओळखून १६७२ मध्येच तिथे किल्ल्याचं काम काढलं होतं, पण इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी या दोघांच्या विरोधापुढे ते थांबवावं लागलं. पुन्हा हात घातला तो १६७९ मध्ये. ऑगस्ट संपत आला होता, पावसाळा पुरता सरला नव्हता, आणि महाराजांच्या आरमारातले मायनाक भंडारी माणसं आणि थोड्या तोफा घेऊन बेटावर उतरले. मुंबईकर इंग्रजांना जाग आली तेव्हा तट उठायला लागला होता.

इंग्रजांनी होड्या पाठवून बेटाची नाकेबंदी केली. १९ सप्टेंबरला लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्पने बेटावर उतरायचा प्रयत्न केला आणि तो तिथेच मारला गेला. मग 'रिव्हेंज' हे मोठं जहाज घेऊन कॅप्टन मिंचिन आणि रिचर्ड केग्विन आले. १८ ऑक्टोबरच्या सकाळी मराठ्यांच्या दौलतखानाचं आरमार किनाऱ्याकडून त्यांच्यावर तुटून पडलं. इंग्रजांचं 'डव्ह' नावाचं गुराब जातीचं जहाज मराठ्यांच्या हाती लागलं. 'रिव्हेंज'ने तोफा डागून मराठी आरमाराला मागे हटवलं हेही खरं, आणि इंग्रजांनी हा आपला विजय मानला. पण बेटाची रसद काही तुटली नाही. तुटणार कशी? मराठ्यांचे मचवे हलके, उथळ पाण्यात चालणारे आणि वल्ह्यांचे होते. रात्री वारा पडला की शिडाचं जहाज जागच्या जागी डुलत राही आणि मचवे किनाऱ्याच्या अंगाने दाणागोटा, दारूगोळा पोचवून पहाटेच्या आत परत येत. पाठलाग करावा तर पुढे पाणी उथळ, जहाजाचा तळ टेकायची भीती. केग्विन लेचापेचा माणूस नव्हता. पुढे १६८३ मध्ये त्याने ईस्ट इंडिया कंपनीविरुद्ध बंड करून अख्खी मुंबई ताब्यात घेतली. पण खांदेरीच्या पाण्यात त्याचंही काही चाललं नाही.

सिद्दीने धडा घेतला तो इथे. आधी तो इंग्रजांच्या मदतीला आला. पण खांदेरी जिंकलंच तर सिद्दी ते स्वतःकडेच ठेवील, असं इंग्रजांना वाटे, आणि त्यात फार चूकही नव्हती. खांदेरी हाती येत नाही असं दिसल्यावर जानेवारी १६८० मध्ये सिद्दी कासिमने शेजारचं उंदेरी ताब्यात घेऊन तिथे तटबंदी सुरू केली आणि तोफा चढवल्या. रसदीचे मचवे ज्या पाण्यातून जात, त्या पाण्याच्या उरावरच तो जाऊन बसला. त्याच महिन्यात इंग्रजांनी मराठ्यांशी तह करून माघार घेतली. म्हणजे बेटं जवळजवळ असूनही दोघांकडे राहिली असं नव्हे. खांदेरी मराठ्यांकडे गेलं म्हणूनच सिद्दीला उंदेरी हवं झालं. एरवी त्या खडकाकडे कोणी ढुंकून बघितलं असतं का, याची मला शंकाच आहे.

त्याच वर्षी, संभाजी महाराजांच्या कारकिर्दीच्या सुरुवातीला, मराठ्यांनी रात्री उंदेरीवर माणसं उतरवली. सिद्दीचा पहारा जागा होता आणि हल्ला फसला. तुम्ही उंदेरीच्या खडकावर भर दिवसा, नाखव्याचा हात धरून उतराल, तेव्हा काळोखात हत्यारासह, वरून गोळ्या येत असताना तेच करणं काय असेल, याचा थोडा अंदाज येईल. उंदेरी मराठ्यांच्या हाती आलं ते १७६० च्या सुमारास, पेशव्यांच्या काळात. जवळपास ऐंशी वर्षं दोन्ही बेटं एकमेकांवर तोफा रोखून उभी होती. मधल्या काळात खांदेरी कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं झालं. १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून मोठा काफिला घेऊन त्यावर चालून आला आणि हात हलवत परत गेला.

खांदेरीवर काय बघाल? बेटाला दोन टेकड्या आहेत आणि त्यांच्या मधल्या खोलगटीत धक्का आहे. धक्क्याजवळच वेताळाचं देऊळ लागतं. देव म्हणजे पांढरा रंग दिलेली मोठी शिळा. कोळी बांधवांची या देवावर फार श्रद्धा, तेव्हा आधी तिथे हात जोडून पुढे जा. जवळ दाऊद पीराचा दर्गाही आहे. दीपगृह १८६७ सालचं. तोफा इतर किल्ल्यांवरही दिसतात, पण खांदेरीवर चाकांच्या लोखंडी गाड्यांवर चढवलेल्या तोफा अजून जागेवर आहेत, आणि तशा पाहायला मिळणं अवघड. फोटो काढणारे तोफेचा काढतात. तुम्ही वाकून तो गाडा बघा. मुलांना आवडेल तो वाजणारा दगड. लहान खड्याने हलकेच टकटक केली की भांड्यावर मारल्यासारखा आवाज येतो. हलकेच म्हणतो याला कारण आहे. दगड घेऊन बडवणाऱ्यांनी त्याच्यावर खळगे पाडून ठेवले आहेत.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत खांदेरी आहे. उंदेरी नाही. त्यामुळे खांदेरीवरची वर्दळ वाढेल आणि उंदेरी गवतात लोळणाऱ्या तोफांसह तसंच राहील, असा माझा अंदाज. मला व्यक्तिशः त्याचं फार वाईट वाटत नाही.

होडीवाल्याशी बोलताना काही गोष्टी आधीच स्पष्ट करून घ्या. भाडं माणशी की अख्ख्या होडीचं, दोन्ही बेटं धरून की एकाच, प्रत्येक ठिकाणी होडी किती वेळ थांबणार, आणि नऊच्या नऊ जणांना लाइफ जॅकेट आहेत का. मुलांच्या मापाची आहेत का, हे वेगळं विचारा. मोठ्यांची जॅकेट मुलांच्या डोक्यावरून निघून येतात. खांदेरी बेट मुंबई बंदराच्या ताब्यात आहे, तेव्हा उतरण्याच्या परवानगीचं काय, हेही नाखव्यालाच आधी विचारा. पिण्याचं पाणी माणशी दोन लिटर न्या. बेटावर काही मिळेल असं धरून चालू नका. होडीला छत नसतं, टोपी हवीच. ज्यांना होडी लागते त्यांनी मळमळीची गोळी निघण्याआधी तासभर घ्यावी आणि हलकं काहीतरी खावं. उपाशीपोटी जास्त त्रास होतो. बूट मागे पट्टा असलेले, भिजले तरी चालतील असे. पावसाळ्यात हा बेत मनातही आणू नका. मासेमारी १ जूनपासून दोन महिने बंद असते ती उगाच नाही.

राहिला आईंचा प्रश्न. खांदेरीच्या धक्क्यावर दोघांनी हात दिला, तर चालती-फिरती सत्तरीची बाई उतरू शकते. मात्र होडी धक्क्याला लागल्यावर ती वर उचलली जाते त्या क्षणी पाय टाकायचा, खाली जाताना नाही. खलाशी सांगेल, त्याचंच ऐकायचं. घरच्या चौघांनी चार बाजूंनी सूचना देऊ नयेत. उंदेरीला मात्र त्यांनी उतरू नये. त्यांच्याबरोबर कोणीतरी होडीतच थांबा आणि नाखव्याला बेटाला एक चक्कर मारायला सांगा. उंदेरीचा तट पाण्यातून बघितला तर त्याची उंची जास्त चांगली कळते. आणि त्या दिवशी नाखवा म्हणाला की आज उंदेरीला होडी लागणार नाही, तर जास्त पैसे देऊ करून त्याला भरीला घालू नका. खांदेरीवर तासभर जास्त बसा. उरलेल्या वेळात अलिबागला जा. द्वादशी-त्रयोदशीला दुपारी तीन-चारच्या सुमाराला ओहोटी असते, तेव्हा कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं आणि त्यासाठी कुठल्याच होडीची गरज पडत नाही.