काळ्या प्लॅस्टिकला रंग मारण्याआधी

आंबागड, ता. तुमसर

चि. भाच्यास,


दिवाळीत गाडी घेऊन येणार आणि तिच्या पांढुरक्या पडलेल्या प्लॅस्टिकला रंग मारूनच परत जाणार, असं ताईला म्हणालास म्हणे. ये. पण वायपरखालच्या जाळीचा, चाकांवरच्या पट्ट्यांचा रंग उडाला असं तू समजतोस, ते चूक. त्यांना रंग कधी दिलेलाच नव्हता. ते काजळी मिसळून ओतलेलं पॉलिप्रॉपिलीन आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो हे खरं, पण मुख्य घात करतात ती उन्हातली अतिनील किरणं. त्यांनी वरचा थर तुटतो, बारीक भेगा पडतात आणि पृष्ठभाग पांढुरका दिसू लागतो. एखादी पट्टी काढलीस तर मागची अक्षरं वाच. 'पीपी'पुढे 'टी २०' असेल तर त्यात शेकडा २० शंखजिरं आहे. क्रिकेटशी संबंध नाही.

इथं कुणीही सांगेल, डिझेलचा बोळा फिरव. दोन दिवस चकाकतं, मग त्यावर धूळ बसते. शिवाय ते तेल आणि दुकानातली सिलिकॉनची पॉलिशं रंगाला धरूच देत नाहीत. गरम हवेच्या बंदुकीनं काळेपणा परत येतो, तोही टिकत नाही आणि हात चुकला तर पट्टी वाकडी होते.

पॉलिप्रॉपिलीनला रंग मुळातच नीट चिकटत नाही, म्हणून रंगापेक्षा तयारीला वेळ दे. साबणानं धू, कोरडं कर, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पूस. ६०० नंबरच्या पाणकागदानं हलकं घास, चकाकी मेली की थांब. धूळ पुसून पुन्हा अल्कोहोल. काच आणि पत्रा मास्किंग टेप नि वर्तमानपत्रानं झाक. फवारा तुला वाटतो त्याहून लांब उडतो. मग प्लॅस्टिक प्रायमरचा पातळ हात, आणि त्यावर मॅट काळ्याचे तीन पातळ हात. फवाऱ्याचा डबा वीतभर लांब धर, हात सतत फिरता ठेव आणि प्रत्येक हाताला सुकायला डब्यावर लिहिलाय तेवढा वेळ दे. सगळे घाईनं एकदाच जाड मारतात, आणि जाड मारलेला रंग ओघळतो.

काम सांदवाडीत, सावलीत कर. सकाळी दव असतं, ओलसर हवेत रंग पांढरट पडतो. दहानंतर सुरू कर. धानाची चुरणी सुरू झाली की कोंडा हवेत असतो, म्हणून तिच्या आधीच ये. तोंडाला रंगाची वाफ अडवणारा मास्क लाव, साधा रुमाल पुरत नाही. डबा उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नकोस, फुटतो; जवळ बिडी पेटवू नकोस, आणि तुझ्या मामालाही पेटवू देऊ नकोस.

जाळी, आरशांची कव्हरं, पट्ट्या एवढंच घरी कर. अख्ख्या बंपरच्या फंदात पडू नकोस. एवढ्या मोठ्या भागावर डब्याच्या फवाऱ्याचे पट्टे दिसतात, ते काम पेंटरचं.

येताना प्लॅस्टिकचा प्रायमर नागपूरहून घेऊन ये. दुकानदार लोखंडाचा लाल प्रायमर पुढे करील, तो घेऊ नकोस.

तुझा,
मामा