पडद्यावरचा रडतो, घरातला गप्प बसतो

मैत्रिणींनो, या वेळचा धडा कर्जाच्या हप्त्यांचा नाही, शेळ्यांच्या लसीकरणाचाही नाही. बैठकीत बचत गोळा झाली, वह्या भरून झाल्या की चहा येईस्तोवर आपण कशावर बोलतो? मालिकेवर. त्या गप्पांतूनच हा धडा निघालाय. तेव्हा हसू नका, शेवटपर्यंत वाचा.

राणादा आठवतोय ना? 'तुझ्यात जीव रंगला' ही मालिका झी मराठीवर २०१६ ते २०२१ चालली. हार्दिक जोशीने केलेला राणा म्हणजे कोल्हापूरकडचा पैलवान. आखाड्यात भल्याभल्यांना लोळवणारा गडी, पण अंजलीबाईंसमोर त्याला शब्द सापडायचा नाही. त्याचे डोळे भरले की आपले पदर डोळ्यांना लागायचे.

त्याच वर्षी 'माझ्या नवऱ्याची बायको' सुरू झाली. त्यातल्या गुरुनाथचे काय कमी हाल झाले? आपण मात्र म्हणायचो, "बरं झालं, जिरली एकदाची!" राधिकाने मसाल्याचा धंदा उभा केला तेव्हा तर आपल्याच गटाला मोठी ऑर्डर मिळाल्यागत वाटलं होतं.

मग आली स्टार प्रवाहची 'आई कुठे काय करते'. डिसेंबर २०१९ ला सुरू झाली, नोव्हेंबर २०२४ ला संपली. त्यातल्या अनिरुद्धवरून इंदापूर तालुक्यातल्या एका गटात चांगलीच जुंपली होती. एक काकू म्हणाल्या, "चुकला असंल, पण आता तोबी किती झुरतोय बघा." लगेच दुसरी उसळली, "पंचवीस वर्षं अरुंधती झुरली तेव्हा कुठं होता?" आशुतोषवर मात्र सगळ्यांचं एकमत. कॉलेजपासून अरुंधतीवर जीव, पण कधी बोलून दाखवलं नाही. असा नवरा पाहिजे, असं बऱ्याचजणी म्हणाल्या. (न बोलणारा नवरा घरात असलेल्याही म्हणाल्या, हे विशेष!)

आता बघा, आपली माया कुणाला मिळते? जो मनानं साफ आहे, जो बाईसाठी झुरतो आणि जो तक्रार करत नाही, त्याला. तसंच दुःख दुसऱ्या कुणी दाखवलं की आपण त्याला 'नाटकं' म्हणतो. यात चूक आहे असं मी म्हणत नाही. गुरुनाथ आणि राणा यांना एकाच मापानं मोजायचं कशाला? पण एक गोष्ट ध्यानात घ्या. आशुतोषचं दुःख अरुंधतीला कळायच्या आधी आपल्याला कळलं होतं, ते कसं? तो एकटा खोलीत असतो तेव्हाही कॅमेरा आत जातो. चेहरा जवळून दाखवतात, मागं बासरी नाहीतर व्हायोलिन वाजतं. त्याने तोंड उघडायच्या आधीच आपल्याला कळतं की हा आतून मोडलाय.

घरात असा कॅमेरा नसतो. माझंच सांगते. आमची दीड एकर डाळिंबाची बाग तेल्या रोगाने गेली. दोन हंगाम औषधं मारली, शेवटी झाडं उपटली. त्यानंतर आमचे हे जेवण झालं की ओट्यावर अंधारात जाऊन बसायचे. काही विचारलं तर "काय नाय" म्हणायचे, नाहीतर पोरांवर खेकसायचे. मला वाटायचं, माझ्यावरच राग आहे. मी आपली आत टीव्हीसमोर बसून आशुतोषसाठी डोळे पुसायची. आमच्या दोघांत एक भिंत होती, दार उघडंच होतं, तरी चार महिने मी उठून गेले नाही. याची मला अजून लाज वाटते.

शेवटी एकदा धारेच्या वेळी गोठ्यात गेले. "काय झालंय?" असं विचारलंच नाही. वासरू धरून उभी राहिले आणि म्हणाले, "झाडं उपटली तेव्हा मलाबी रडू आलतं." बराच वेळ दुधाच्या धारेचाच आवाज. मग ते बोलले. पीककर्ज मला माहीत होतं, पण पाहुण्याकडून उसने घेतलेले पैसे माहीत नव्हते. सगळं त्या दिवशी बोलले नाहीत. अर्धंच बोलले. उरलेलं हळूहळू कळलं.

पुरुषाचं रडणं आपल्याकडे अगदीच नवं आहे असंही नाही. तुकोबांची पालखी आपल्या बारामती-इंदापूरवरूनच जाते. बेलवाडीच्या रिंगणात अश्व धावला की म्हाताऱ्या वारकऱ्यांचे डोळे वाहतात, त्यांना कुणी बायकी म्हणत नाही. लेकीची पाठवणी करताना बाप रडला तर लोक त्याला कवेत घेतात. मांडवातून घरी आल्यावर मात्र त्याच बापाला डोळ्यात पाणी आणायची मुभा नसते. आणि खरं सांगू, ही मुभा नाकारण्यात आपणही असतो. "पोरीसारखा काय रडतोस?" हे पोराला पहिल्यांदा बरेचदा आईच म्हणते.

याचा हिशोब साधा नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यात १,२२,७२४ पुरुष होते, म्हणजे दहांत सात. सगळ्यात जास्त नोंदी आपल्या महाराष्ट्रातल्या. घरातलं माणूस झोपेनासं झालं, जेवण तुटलं, "आता माझं काय राहिलंय" असं बोलायला लागलं, तर ते मनावर घ्या. तुमच्या मनात काही वाईट येतंय का, असं सरळ विचारा. विचारल्याने तसला विचार डोक्यात घातला जात नाही. 'टेलिमानस'चा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. घरच्या माणसानेही फोन केला तरी चालतो.

एक गोष्ट मात्र ठासून सांगते, कारण या विषयावर बोललं की कुणीतरी म्हणतंच, "तो दुःखात आहे, म्हणून पितो, म्हणून मारतो." मालिकेत वाईट वागलेल्या माणसाचं दुःख दाखवून त्याला माफी मिळवून देतात. घरात ते चालायचं नाही. त्याचं दुःख खरं असेल, पण हात उचलणं त्या दुःखात बसत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा आहे, महिलांसाठी १८१ हा नंबर आहे. गटातल्या बाईच्या अंगावर वळ दिसले तर आधी तिचं ऐका, नवऱ्याच्या दुःखाचं नंतर बघू.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने एक मालिकेतला पुरुष सांगायचा, ज्याच्यासाठी ती रडली, आणि एक, ज्याचे हाल बघून तिला बरं वाटलं. कारणही सांगायचं. मग घरातल्या एका पुरुषाचं मनात आठवायचं, नवरा असो, भाऊ, सासरे नाहीतर वयात आलेला मुलगा: तो शेवटचा कधी मोकळं बोलला? हे उत्तर मोठ्याने सांगायची सक्ती नाही. घरातली गोष्ट गटाच्या बाहेर जाणार नाही, हे सुरुवातीलाच सगळ्यांकडून कबूल करून घ्या. आणि हा विषय बचत, हप्ते आणि ठराव लिहून झाल्यावरच काढा. आमच्या गटात आधी काढला, तर त्या दिवशीच्या वह्या अजून अर्ध्याच आहेत.