मुनीमाची चावी परक्याच्या हाती देऊ नका

व्यापारी बंधूंनो, सानपाड्याच्या आमच्या पेढीत कापडाचे तागे, बिले आणि उधारी आता कॉम्प्युटरवर आहेत. मध्यंतरी एका दलालाने मालाची यादी स्वतः फाइल करून काढण्याची परवानगी मागितली. कॉम्प्युटर बसवून देणाऱ्या मुलाने त्याच्या खात्याला ‘फाइल’चा अधिकार देऊन टाकला. नुकसान झाले नाही, पण या अधिकाराचा अर्थ समजला तेव्हा आमची झोप उडाली.

डेटाबेस म्हणजे आपल्या वह्या सांभाळणारा मुनीम. दलालाला एकच पान दाखवा म्हटले, तर तो एकच पान दाखवतो. पण सर्व्हरवरची फाइल उघडताना चावी दलालाची नसते, मुनीमाची असते. मुनीमाला जे वाचता येते, ते सारे मग दलालाला वाचता येते. त्यात दुसऱ्या पार्ट्यांचे हिशेब आले आणि एखाद्या फाइलीत लिहून ठेवलेले पासवर्डही आले.

मायएसक्यूएलमध्ये हा अधिकार एका वहीपुरता देताच येत नाही, तो साऱ्या सर्व्हरचा असतो. त्याने जुनी फाइल पुसता येत नाही, पण नवी ठेवता येते. दुकानाच्या वेबसाइटच्या फोल्डरमध्ये मुनीमाला लिहिण्याची मुभा असेल, तर तिथे परका आपला प्रोग्रॅम ठेवून चालवू शकतो. पोस्टग्रेसमध्ये २०१८ च्या ११ व्या आवृत्तीपासून फाइल वाचणे, लिहिणे आणि प्रोग्रॅम चालवणे असे तीन अधिकार वेगळे केले आहेत. पण यांतून माणूस मुख्य मालकाच्या अधिकारापर्यंत पोहोचू शकतो, असा इशारा तिथेही दिलेला आहे.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेवर हल्ला होऊन ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. तिथली वाट वेगळी होती, पण सर्व्हरवर परक्याचा पाय पडला की काय होते, ते त्यातून दिसले.

आता उपाय. प्रत्येकाला वेगळे खाते द्यावे आणि त्यात त्याच्या कामापुरतेच पान उघडावे. यादी हवी असेल तर ती त्याच्याच कॉम्प्युटरवर उतरू द्यावी, सर्व्हरवर नव्हे. मायएसक्यूएलमध्ये ‘सिक्युअर फाइल प्रिव्ह’ ही सोय आहे. तिने फाइलींची ये-जा एका फोल्डरपुरती ठेवता येते किंवा अजिबात बंद करता येते. डेटाबेस स्वतःही साध्या खात्याने चालवावा, मशीनच्या मुख्य मालकाच्या खात्याने नव्हे.

दलालाचा तो अधिकार आम्ही काढून घेतला. त्याला यादी आजही मिळते आणि त्याचे काम अडले नाही. आपणही आजच आपल्या कॉम्प्युटरवाल्याला विचारा, ‘फाइलचा अधिकार कोणाकोणाला दिला आहे?’ पार्ट्यांचे हिशेब आपल्याकडे अमानत आहेत. उत्तर मिळेपर्यंत पाठ सोडू नका.