घरातील बुरशी काढताना

पावसाळ्यात कपाटामागील भिंतीवर काळे ठिपके दिसले, की पुष्कळ घरांत प्रथम हाती येतो तो कोरडा झाडू. आम्हांस नेमके तेच टाळावयास सांगावयाचे आहे. कोरडे खरवडल्याने बुरशीचे बीजाणू हवेत उडतात व दमेकऱ्याचा त्रास वाढतो. केमोथेरपी घेणाऱ्याच्या फुप्फुसात तर अ‍ॅस्परजिलससारखी बुरशी गंभीर संसर्ग करू शकते. अशा रुग्णास काम आटोपून खोली मोकळी होईपर्यंत दुसरीकडे ठेवावे. हे काम त्याने स्वतः करू नये, हे सांगणे नलगे.

डाग सुमारे १० चौरस फुटांहून लहान असल्यास घरच्या घरी काढता येतो. एन-९५ मास्क, हातमोजे व डोळ्यांना चष्मा लावावा. खिडक्या उघडाव्यात, पंखा बंद ठेवावा आणि साबणाच्या पाण्याने जागा भिजवून मगच घासावी. ब्लीचमध्ये संडास धुण्याचे अ‍ॅसिड कदापि मिसळू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो.

गळती तशीच ठेवून वरून रंग देणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे होय. रंगाऱ्याआधी प्लंबरला बोलवावे. पुसलेली जागा त्याच दिवशी पूर्ण वाळवावी, आणि कपाट पुन्हा भिंतीला चिकटवून न ठेवता चार बोटे पुढे ओढावे.